चादरीची चार टोकं

“गाणं पांढरी चारवर उचललंस आणि उंबरा ओलांडेपर्यंत काळी एकवर आणून टाकलंस,” मी म्हणालो. “मधले सूर रस्त्यात सांडले की काय?”

शालन दारातच थबकली. खांद्याला पिशवी, दिवसभराच्या ड्यूटीनं चुरगळलेली पांढरी साडी आणि ओठांवर मघाचं ते गुणगुणणं अजून अर्धंमुर्धं लटकलेलं. माझा प्रश्न ऐकून तिनं ते गिळून टाकलं.

“कुठं काय? उगीच आपलं.”

“उगीचला चाल असते का?”

“असते,” ती म्हणाली आणि आत गेली. आतून पातेल्यावर झाकण ठेवल्याचा आवाज आला. एकदा. मग जरा थांबून पाठोपाठ दोनदा. चांगला ठेका होता. माझ्या घरात, माझ्या पाठीमागे कुणाचा तरी ठेका वाजत होता आणि तो मी शिकवलेला नव्हता. मला त्या झाकणाचासुद्धा राग आला.

आमच्या मिरजेत दोन गोष्टी उदंड, वाद्यं आणि दवाखाने. आमच्या घरात दोन्ही नांदत होत्या. मी पेटी शिकवायचो, पेट्या दुरुस्तही करायचो. शालन गावातल्या एका मोठ्या इस्पितळात लहान मुलांच्या वॉर्डात सिस्टर होती. लग्न होऊन काही वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. ती ड्यूटीवरून घरी यायची तेव्हा माझ्या संध्याकाळच्या शिकवण्या सुरू झालेल्या असायच्या. ती मागच्या पायरीवर बसायची, बादलीत पाय बुडवायची आणि आतल्या बाजूनं हाक द्यायची, “अहो, जरा हळू वाजवायला सांगा हो त्यांना. डोकं ठणकतंय.”

गावात लोक माझ्या बोटांना नमस्कार करायचे. सांगली-कोल्हापूरकडचे गवई साथीला बोलवायचे. आणि घरात बायको कानाला पदर लावून बसायची. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते मी मुकाट्यानं मान्य केलं होतं. तिला गाण्याचं अंग नाही अशी स्वतःची समजूत घातली होती. असतात अशी माणसं. कुणाला वांगं आवडत नाही, कुणाला गाणं.

आणि आता हीच बाई गुणगुणत घरी येत होती. रोज.

शिवाय उशिरा येत होती. अंगाला औषधांचा वास असायचा त्याऐवजी धुण्याच्या सोड्याचा आणि खळीचा वास यायला लागला होता. पायांना बादली लागेनाशी झाली. चेहरा सैल, चाल हलकी. एकदा भाकरी थापताना ती स्वतःशीच हसली. परातीवर दोन्ही हातांनी थापा मारल्या आणि पुन्हा हसली.

“काय झालं?”

“काही नाही हो. आठवलं एक.”

“सांग की.”

“सांगून नाही त्यात मजा. तुम्हाला नाही हसू यायचं.”

हे वाक्य माझ्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकून बसलं. मला हसू यायचं नाही! मग कुणाला येत होतं?

ते सांगितलं गौरामावशीनं. गौरामावशी दोन घरं पलीकडं राहायची, शालनच्याच वॉर्डात आया होती. तिच्या पोटात काही राहत नसे. एका सकाळी माझ्याकडं हिंग मागायला आली आणि ओट्याशी टेकून म्हणाली, “मास्तर, शालनसिस्टर काय गात्यात ओ! तुमी शिकवलं व्हय?”

“कुठं गाते?”

“लाँड्रीत की. ड्यूटी सुटली की समदी तितं जमत्यात. आन् त्यो शांतवन! घमेलं बडवून बडवून चेपवलं मेल्यानं. हसून हसून माझ्या बरगड्या दुकाया लागल्या काल.”

“कोण शांतवन?”

“लाँड्रीवाला. शांतवन आवळे. तुमास्नी म्हाईत न्हाई? सिस्टर तर रोज नाव काडत्यात.”

माझ्यासमोर एकदाही काढलं नव्हतं. मी हिंगाची डबी तिच्या हातात दिली. अख्खी.

त्या दुपारी मी शिकवण्या पुढं ढकलल्या आणि इस्पितळाच्या मागच्या फाटकाशी जाऊन उभा राहिलो. हेरगिरी करायला नव्हे. बायकोला न्यायला नवरा जाऊ शकतो. मात्र फाटकातून सरळ आत न जाता मी भिंतीच्या कडेनं गेलो आणि लाँड्रीच्या खिडकीशी थांबलो, हेही खरं.

आत वाफ भरली होती. एका बाजूला मोठाले हंडे, पत्र्याची टपं, मधे दोऱ्यांवर वाळून आलेल्या चादरींचे ढीग. दोन वॉर्डबॉय, गौरामावशी, धुणं करणाऱ्या दोन बायका. आणि मध्यभागी माझी बायको आणि तो.

शांतवन पन्नाशीला टेकलेला, ढेरपोट्या, समोरचा एक दात पडलेला माणूस होता. ते पाहून मला बरं वाटायला हवं होतं. उलट जास्तच झोंबलं. देखणा असता तर निदान कारण तरी कळलं असतं.

दोघं चादरीची घडी घालत होते. तिच्या हातात दोन टोकं, त्याच्या हातात दोन. तो ताण द्यायचा, ती ताण द्यायची, मग दोघं मिळून चादर अशी झटकायचे की फाडकन आवाज व्हायचा. त्या आवाजावर टपावर बसलेला वॉर्डबॉय थाप मारायचा. मग दोघं एकमेकांकडं चार पावलं चालत यायचे, ती आपली टोकं त्याच्या हातात द्यायची आणि खाली वाकून घडी उचलून पुन्हा मागं सरायची. आणि हे सगळं गाण्यावर.

“डाळ गेली पोहायला वरणाच्या तळ्यात,” शांतवन ओरडला.

“सापडली तर बांधा हो डॉक्टरांच्या गळ्यात!” सगळे ओरडले. फाडकन चादर. धप्प टप.

“सिस्टर, आता तुमी जोडा!”

शालननं क्षणभर वर बघितलं, विचार केला आणि गळा मोकळा सोडून गायली.

“उशी म्हणे गादीला, तुझं माझं पटेना,
मधे निजला ढेकूण, त्याला ऊठ म्हटलं उठेना!”

लाँड्री हसून लोळायला लागली. शांतवननं चादर डोक्यावर घेतली आणि ढेकणासारखा गोल फिरला. शालन हसत होती. तोंडावर पदर न घेता, डोळ्यांतून पाणी येईतो. ते हसणं मी लग्नाच्या पहिल्या वर्षी दोन-चारदा ऐकलं होतं. मला वाटलं होतं, वयानुसार संपलं असेल. संपलं नव्हतं. इथं येऊन राहिलं होतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. दुसऱ्या बाईच्या नवऱ्याबरोबर चादर झटकणं हा गुन्हा नाही, मला समजत होतं. त्या दोघांत काही वावगं नाही, हेही त्या पाच-सहा माणसांच्या कल्ल्यात आंधळ्याला दिसलं असतं. तसलं काही असतं तर मला भांडता आलं असतं. इथं भांडायला जागाच नव्हती. गाणं माझं. माझ्या सात पिढ्या देवळात वाजवण्यात गेल्या. आणि माझी बायको गात होती ती एका बेसुऱ्या धोब्याच्या घमेल्यावर.

मी तसाच परत आलो.

“उद्या मी येणार आहे,” जेवताना मी म्हणालो.

“कुठं?”

“लाँड्रीत.”

शालनचा घास हातात राहिला. “गौरामावशीनं सांगितलं वाटतं.”

“का, सांगायचं नव्हतं? लपवण्यासारखं आहे का काही?”

“लपवलं नाही. तुमच्यासमोर ते गाणं म्हणायला मला लाज वाटते, एवढंच.”

“नवऱ्याची लाज वाटते, लाँड्रीवाल्याची नाही.”

“अहो, तुमच्या कानाची लाज वाटते,” ती म्हणाली. “तुम्ही नका येऊ. ते गाणं नाहीच मुळी.”

“मग काय आहे?”

तिनं बराच वेळ ताटातली भाजी इकडून तिकडं केली. “दमल्यावर करायचं काहीतरी आहे,” ती शेवटी म्हणाली. “तुम्ही आलात तर ते गाणं होईल.”

मला त्यातलं एवढंच ऐकू आलं की, मी येऊ नये असं तिला वाटतं. मग तर जायलाच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मी चांगली पेटी काढली. जी मैफलीला न्यायचो ती. फडक्यानं पुसली, सायकलच्या कॅरियरला बांधली आणि धुतलेला सदरा घालून लाँड्रीच्या दारात हजर झालो. एकदा खरं संगीत ऐकलं की त्या घमेल्याची किंमत सगळ्यांना कळेल, शालनला सर्वांत आधी, असा माझा हिशेब होता.

“गुरवमास्तर!” शांतवन धावत आला. त्यानं ओले हात लेंग्याला पुसले. “या की, या. आमचं नशीब. अरं, स्टूल आना. त्यो नगं, चांगला आना.”

टपावर पाय सोडून बसलेला वॉर्डबॉय उतरून भिंतीशी उभा राहिला. बायकांनी खोचलेले पदर सोडून डोक्यावर घेतले. कुणीतरी नुकतीच इस्त्री केलेली चादर माझ्या पेटीखाली अंथरली. शालन चादरींच्या ढिगामागं उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

मी भाता सोडला, सुरांवरून बोटं फिरवली. लाँड्रीच्या पत्र्याखाली पेटी झकास बोलली.

“हं. सुरू करा,” मी म्हणालो. “पट्टी कुठली तुमची?”

सगळी एकमेकांकडं बघायला लागली.

“काळी एक? की काळी दोन?”

शांतवननं आपल्या काळ्यासावळ्या हातांकडं बघितलं, मग शालनकडं. “सिस्टर, मास्तर काय म्हंत्यात?”

“काही नाही. तुम्ही म्हणा नेहमीसारखं,” शालन म्हणाली.

शांतवननं घसा खाकरला. “डाळ गेली पोहायला...”

“थांबा,” मी म्हणालो. “खाली लागतोय. हा बघा सूर. हा. इथून उचला.”

तो पुन्हा लागला. मी पुन्हा थांबवला. तिसऱ्यांदा त्याला सूर सापडला, पण तेवढ्यात डाळ कुठं गेली ते तो विसरला. गौरामावशीला मी सम दाखवली. तिनं माझ्या मानेकडं इतकं टक लावून बघितलं की तोंड उघडायचंच राहून गेलं. टपवाल्या वॉर्डबॉयला सांगितलं, ठेका पुढं पळतोय, धरून वाजव. त्यानं इतका धरला की वाजवायचाच थांबला.

मग मीच वाजवलं. एक धून, तिच्यावर दुसरी. सगळी माणसं हात बांधून ऐकत होती, शाळेत पाहुणे आल्यावर पोरं ऐकतात तशी. एका बाईला इस्त्रीची आठवण झाली. एका वॉर्डबॉयला वॉर्डातून हाक आली, जी दुसऱ्या कुणाला ऐकू आली नाही. बाकीचेही एकेक करून सटकले आणि माझं वाजवून संपलं तेव्हा समोर शांतवन, गौरामावशी आणि शालन एवढीच उरली होती.

“लई भारी वाजवता, मास्तर,” शांतवन मनापासून म्हणाला. “आमास्नी काय कळतंय ओ त्यातलं. आमी आपलं बडवायचं.”

त्यानं माझी पेटी स्वतः उचलून सायकलला बांधून दिली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. पण ते मला त्या दिवशी कळलं नाही. त्या दिवशी मी शीळ घालत घरी आलो.

दुसऱ्या दिवसापासून शालन वेळेवर घरी यायला लागली.

मी जिंकलो होतो. सोड्याचा वास गेला, गुणगुणणं गेलं, झाकण मुकाट्यानं पातेल्यावर बसायला लागलं. मागच्या पायरीशी पुन्हा बादली आली. “जरा हळू वाजवायला सांगा हो त्यांना,” हेही परत आलं. काही दिवस मला ते गोड वाटलं. निदान ती हे मला सांगत होती.

मग आमटी दोनदा करपली. मग तिनं दूधवाल्याला उगाचच झापलं आणि नंतर स्वतःच रडवेली झाली. वॉर्डात गोवराची साथ होती. दमून यायची ती भिंतीला टेकून बसायची. मी काही विचारलं तर “काही नाही” म्हणायची. आणि हे “काही नाही” आधीच्या “काही नाही”सारखं नव्हतं. त्यात हसू दडवलेलं नव्हतं.

एका संध्याकाळी मला राहवलं नाही. पाटणकर वकील शिकायला यायला अजून अवकाश होता. मी मागच्या दाराशी गेलो. ती पायरीवर होती, पाय बादलीत, डोळे मिटलेले.

“हल्ली जात नाहीस लाँड्रीत?”

“जाऊन काय करू?”

“का, तुझा शांतवन रजेवर आहे?”

तिनं डोळे उघडले. “माझा शांतवन आहे तिथंच. गात नाही कुणी आता. तुम्ही येऊन गेल्यापासून तो म्हणतो, आपल्याला येत नाही. टप वाजवायला कुणी हात उचलला की दुसरा म्हणतो, पुढं पळतोयस. गौरामावशी तर समेची वाट बघत बसते.”

“मी वाईट काय सांगितलं? बरोबर तेच सांगितलं ना?”

“बरोबरच सांगितलंत,” ती म्हणाली. “तुम्ही कधी चूक सांगता?”

मला राग आला. इतके दिवस पोटात ठेवलेलं सगळं बाहेर पडलं. “एवढं काय आहे त्या माणसात? घरात मी आहे, पेटी आहे. एकदा तरी म्हणालीस, अहो, माझ्यासाठी वाजवा? त्या दातपडक्याच्या घमेल्यापुढं गळा सुटतो तुझा. मी कोण आहे मग? मला हेवा वाटतो त्याचा. ऐकायचं होतं ना? हे घे. वाटतो.”

मी इतकं उघड बोललेलं तिनं कधी ऐकलं नव्हतं. मीही नव्हतं. तिनं बादलीतून पाय काढले, पदरानं पुसले आणि बाजूची जागा हातानं झटकली. मी बसलो नाही. उभाच राहिलो.

“पावसाळ्याआधी वॉर्डात एक मुलगी होती,” ती म्हणाली. “कवठ्याकडची. हेमा. तिला माझं घड्याळ कानाला लावून ऐकायला आवडायचं. सुई टोचायची असली की म्हणायची, आधी टिकटिक. मग मी मनगट तिच्या कानाला लावायची आणि दुसऱ्या हातानं...”

ती थांबली.

“एका दुपारी गेली. चादर मीच काढली. आयाला दिली नाही. लाँड्रीत स्वतः घेऊन गेले आणि टपाशी उभी राहिले. पण हातातून सुटेना हो. शांतवन म्हणाला, द्या सिस्टर. मी देईना. त्यानं काही विचारलं नाही. चादर हळूच पाण्यात बुडवून काढली, माझ्या हातात होती तशीच, आणि दुसरं टोक धरलं. म्हणाला, पिळा. मी पिळली. तो म्हणाला, आनखी पिळा. इतकी पिळली की माझे हात भरून आले. मग एकदम म्हणाला, सिस्टर, आज पेशंटच्या वरणात डाळ घावली का ओ कुनाला?”

शालननं पदराचं टोक पिळलं. “मी हसले. त्या दिवशी, तिथं उभी राहून. माझी मलाच लाज वाटली. पण हसले आणि मग रडायला यायला लागलं. तोवर येत नव्हतं. तो घमेलं बडवत राहिला, म्हणजे बाहेर कुणाला माझं रडणं ऐकू जाऊ नये. दुसऱ्या दिवशी मी आपणहून गेले. मग बाकीचे यायला लागले. प्रत्येकाचं काही ना काही असतंच की.”

“मला का नाही सांगितलंस?”

“सांगायला आले होते. त्याच दिवशी, तडक घरी. तुम्ही कुणाला तरी शिकवत होता. मी दाराशी उभी राहिले. तुम्ही बघितलंत आणि असं केलंत.”

तिनं उजव्या हाताचं एक बोट वर केलं. जरा थांब.

मला ते बोट आठवलं नाही. असली बोटं मी दिवसातून किती वेळा वर करत असेन. पण ते माझंच होतं, याबद्दल शंका नव्हती. आणि मग मला शांतवनचा जेवढा हेवा वाटला, तेवढा त्याआधीचा सगळा एकत्र केला तरी भरला नसता. तिच्या हसण्याचा नव्हे. ते ठीक होतं, हसणं कुणापुढंही येतं. तिच्या हातातून जे सुटत नव्हतं त्याचं दुसरं टोक त्यानं धरलं होतं, आणि ती जागा माझी होती.

अंगणातल्या दोरीवर आमची चादर वाळत होती. जाड सोलापुरी, कडेला हिरवी वेलबुट्टी. मी उतरलो, ती दोरीवरून ओढून काढली आणि दोन टोकं शालनपुढं केली.

“हे काय?”

“धर.”

“अहो, मी दमलेय.”

“म्हणूनच. धर.”

तिनं धरली. मी मागं सरलो. ताण दिला, तो एका बाजूलाच बसला. झटकायला गेलो तर माझ्या हातातलं एक टोक सुटलं आणि चादर मातीत गेली.

“धुतलेली होती हो ती!”

“असू दे,” मी म्हणालो आणि घसा साफ केला. “डाळ गेली पोहायला...”

काय सांगू? आयुष्यभराची सवय. सूर असा नेमका लागला, आवाज असा गोलाईदार आला की ती डाळ पोहायला न जाता काशीला चालल्यासारखी वाटली. शालन माझ्याकडं बघतच राहिली.

“असं नाही,” ती म्हणाली. “ओरडा.”

“ओरडू?”

“ओरडा. खालचा-वरचा विचार करू नका.”

मी ओरडलो. पलीकडच्या अंगणात गौरामावशीची कोंबडी फडफडत पळाली. शालननं पुढची ओळ दिली, हळू, अनिच्छेनं. मी चादर झटकली, या वेळी फाडकन आवाज झाला. मी एकटाच खूश झालो.

तेवढ्यात अंगणाच्या दाराशी पाटणकर वकील येऊन उभे राहिले. काळा कोट, बगलेत छत्री. गावातला भारदस्त माणूस, मला गुरुजी म्हणायचा.

“गुरुजी?” ते चाचरत म्हणाले. “मी नंतर...”

मी त्यांच्याकडं न बघता उजव्या हाताचं एक बोट वर केलं. ते करताना चादरीचं टोक पुन्हा सुटलं.

शालननं ते बोट बघितलं. तिच्या गळ्यातून एक आवाज आला, तो हुंदका होता की हसू, मला सांगता येणार नाही. मला आता थांबायचं नव्हतं. पुढचं कडवं आठवेना, म्हणून मी तोंडाला येईल ते जुळवलं आणि वकिलांच्या देखत, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं ओरडलो,

“मास्तर आले शिकवायला पेटी घेऊन पाठीला,
सूर सगळे पळून गेले कृष्णेच्या काठाला!”

ठेका चुकला. शेवटची ओळ तालाच्या पार बाहेर गेली. पण शालन हसली. आधी नाकातून, मग तोंडावर पदर न घेता, मग पोट धरून. हसता हसता चादरीत तोंड घालून रडायला लागली. मी माझी टोकं सोडली नाहीत. वकील केव्हा निघून गेले, मला कळलं नाही. पुढं आठवडाभर ते शिकायला आले नाहीत, एवढं खरं.

दुसऱ्या दिवशी शालन उशिरा आली. सोड्याचा वास घेऊन.

दोन दिवसांनी बाजारात शांतवन भेटला. हातातली भाजीची पिशवी खाली ठेवून त्यानं मला नमस्कार केला, आणि पडलेल्या दाताच्या फटीतून हसू बाहेर आलं.

“मास्तर, तुमास्नी घडी जमत न्हाई म्हणं.”

“कुणी सांगितलं?”

“सिस्टरनी. समद्यास्नी करून दावलं, तुमी कसं झटकलं ते. आन् तालात बी न्हाई म्हणं बसत तुमी. आमची पोरं लई खूश झाली ओ. म्हंत्यात, मास्तर आपल्यातलंच हाईत. आता तुमचंच गाणं म्हंत्यात. कृष्णेच्या काठाला.” त्यानं आवाज खाली आणला. “या की येकदा. पेटी तेवढी घरी ठिवा.”

“बघू,” मी म्हणालो.

गेलो नाही. मात्र एका संध्याकाळी मागच्या फाटकाशी उभा राहून ऐकलं. घमेलं वाजत होतं, टप वाजत होतं आणि माझ्या ओळी, माझ्याच नावानं, भलत्याच पट्टीत ओरडल्या जात होत्या. त्यात शालनचा आवाज सगळ्यांत मोठा होता. साऱ्या मिरजेत मला बेताल म्हणणारी तेवढी एकच जागा होती. ती आवई मी कधी खोडून काढली नाही.

या गोष्टीला खूप वर्षं झाली. शालन निवृत्त झाली. शांतवन आपल्या मुलाकडं हातकणंगल्याला गेला आणि तिथंच वारला. तो गेल्याचं कळलं तेव्हा तिनं कपाटातली एक धुतलेली चादर काढून आणली, घडी मोडली आणि तिची दोन टोकं माझ्यापुढं धरली. आम्ही घडी पुन्हा घातली.

आता माझी बोटं आखडली आहेत, पेटी क्वचितच उघडतो. पण दोरीवरची चादर वाळली की आम्ही दोघं अंगणात उतरतो. मला अजून नीट झटकता येत नाही. दरवेळी मी तिला विचारतो, विचारल्याशिवाय मला राहवतच नाही.

“खरं सांग. घडी कोण चांगली घालायचं? मी की शांतवन?”

“शांतवन,” ती म्हणते. क्षणभरही न थांबता, इतक्या वर्षांनी.

आणि चार पावलं चालत येऊन आपली दोन टोकं माझ्या हातात देते.